प्रस्तावना : मोजणीकडून शक्यतेकडे

‘यमाताराजभानसलगं’ पाठ करून मराठी शाळांतल्या अनेक पिढ्यांनी वृत्ते ओळखली. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघू नाहीतर गुरू, म्हणून एकूण गण आठ. हेच आठ गण जरा वेगळ्या ओळीने मांडून बघावेत. एकही गुरू नसलेला गण एकच, न. एक गुरू असलेले तीन : भ, ज आणि स. दोन गुरू असलेले तीन : य, र आणि त. तिन्ही गुरू असलेला पुन्हा एकच, म. एक, तीन, तीन, एक. गुरूच्या जागी छापा आणि लघूच्या जागी काटा ठेवला, की रुपयाचे नाणे तीनदा उडवल्यावर काय काय घडू शकते याची संपूर्ण यादी तयार होते. तीन फेकींत नेमके दोन छापे पडण्याची संभाव्यता आठात तीन, हे उत्तर या यादीतच दडलेले आहे. वृत्त शिकलेल्या मुलाने ती यादी पाठ केलेली असते. गणिताच्या तासाला तिची आठवण मात्र कोणी करून देत नाही.

प्रस्तुत पुस्तक अशा यादीपासून सुरू होते आणि द्विपद वितरणापर्यंत जाते. दहावीच्या बीजगणितात संभाव्यता मराठीतून भेटते, पण तिथे दोन-तीन नाणी, फासे आणि पत्ते झाले की विषय संपतो. द्विपद वितरण बारावीत येते, आणि तोवर विज्ञान शाखेतल्या बहुतेक मराठी मुलांचे माध्यम इंग्रजी झालेले असते. परिणामी सूत्र पाठ होते, गुणही मिळतात, पण त्या सूत्राबद्दल स्वतःच्या भाषेत वाद घालायची, शंका काढायची संधी मिळत नाही. ती संधी मिळावी म्हणून हे पुस्तक मराठीत आहे.

ज्या घटनेचे निकाल दोनच, ती अनेकदा घडवली तर त्यांपैकी एक निकाल किती वेळा येईल, हा या विषयाचा प्रश्न. बी उगवते किंवा उगवत नाही, दिवा लागतो किंवा लागत नाही, जन्मणारे मूल मुलगी असते किंवा मुलगा. नाणे हे या सगळ्यांचे सर्वांत स्वच्छ रूप. समजा, एका नाण्याचा छापा पडण्याची संभाव्यता ०.६ आहे आणि ते आपण पाच वेळा उडवतो. नेमके तीन छापे पडण्याची संभाव्यता किती? आधी तीन छापे आणि मग दोन काटे, या एका ठरावीक क्रमाची संभाव्यता ०.६ तीनदा आणि ०.४ दोनदा गुणून मिळते : ०.०३४५६. पण छापे कोणत्या तीन फेकींत पडावेत याला बंधन नाही. पाच जागांतून तीन जागा दहा प्रकारांनी निवडता येतात आणि दहाही क्रमांची संभाव्यता सारखीच. म्हणून उत्तर ०.३४५६.

सूत्रात एवढी दोनच कामे आहेत : क्रम किती याची मोजणी, आणि एका क्रमाला किती संभाव्यता द्यायची याचा हिशेब. पहिले काम निर्विवाद आहे. दुसऱ्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. ०.६ हा आकडा पाचही फेकींत बदलत नाही, आणि एका फेकीचा दुसरीवर परिणाम होत नाही. या विषयात शिकण्याजोगे जे आहे ते बहुतांशी या दुसऱ्या कामात आहे आणि शिकवताना नेमके तेच निसटते, अशी माझी धारणा आहे. या शास्त्राचा इतिहासही तेच दाखवतो.

मोजणीचे काम आपल्याकडे फार जुने आहे. इसवी सनापूर्वीच्या शतकांतले मानले जाणारे पिंगलाचे छंदःशास्त्र लघू-गुरूंचे सर्व क्रम कसे मांडावेत आणि किती गुरूंचे किती क्रम निघतात, हे सूत्ररूपाने सांगते. दहाव्या शतकातल्या हलायुधाने त्यावरच्या टीकेत मेरुप्रस्तार रचून दाखवला : वरच्या ओळीतल्या शेजारच्या दोन घरांची बेरीज खालच्या घरात. जगभर हा त्रिकोण पास्कालच्या नावाने ओळखला जातो. बेरीज का जुळते, हे छंदाच्या भाषेत चटकन कळते. चार अक्षरांत दोन गुरू हवे असतील, तर शेवटचे अक्षर गुरू धरून आधीच्या तिनात एक गुरू बसवायचा, किंवा शेवटचे लघू धरून आधीच्या तिनात दोन गुरू बसवायचे. तीन अधिक तीन, म्हणजे सहा.

हलायुधाच्याही आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त निवडींची संख्या काढण्याचा सर्वसाधारण नियम दिला. पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त तो व्यवहारात आणला. सहा रसांपैकी एकेक, दोनदोन, तीनतीन घेऊन पदार्थाच्या किती चवी होतील, असे त्यांचे एक उदाहरण आहे. उत्तरे ६, १५, २०, १५, ६, १. बेरीज ६३, आणि एकही रस नसलेला प्रकार धरला तर ६४. सहा अक्षरांच्या गायत्रीच्या चरणाचे प्रकारही ६४ आणि सहा नाणेफेकींचे क्रमही ६४. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त स्वर आणि ताल यांचे प्रस्तार असेच मांडले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला.

हा वारसा अभिमानाचा आहे. त्याची सीमाही स्पष्ट सांगायला हवी. गायत्रीच्या ६४ प्रकारांपैकी २० प्रकारांत तीन गुरू असतात, एवढे पिंगलाच्या परंपरेने सांगितले. कवी लिहायला बसला तर तीन गुरूंची ओळ किती वेळा येईल, हा प्रश्न तिने विचारला नाही. कवी लघू-गुरू नाणे उडवून ठरवत नाही, त्यामुळे तो प्रश्न पडण्याचे कारणही नव्हते. ६४ प्रकार सारख्याच सहजतेने घडतात असे मानले तरच वीस भागिले चौसष्ट, म्हणजे सुमारे ३१ टक्के, ही संभाव्यता होते. ‘सारख्याच सहजतेने’ हे गृहीतक छंदात नसते. ते जुगारात असते.

युरोपात या प्रश्नाला तोंड फुटले ते जुगारामुळेच. अर्धवट राहिलेल्या डावातली रक्कम खेळाडूंनी कशी वाटून घ्यावी, यावर १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला. राहिलेल्या डावांचे सगळे शक्य क्रम मांडा, कोणाच्या बाजूने किती पडतात ते मोजा आणि त्या प्रमाणात रक्कम वाटा, असा त्यातला एक मार्ग होता. स्वित्झर्लंडच्या याकोब बेर्नुली यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली निघाला. फेकी वाढवत नेल्या की छाप्यांचे प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या हवे तितके जवळ राहील याची खात्री वाढत जाते, हे त्यांनी सिद्ध केले. १७३३ साली लंडनमधले निर्वासित फ्रेंच गणिती आब्राम द म्वाव्र यांनी आणखी एक पाऊल टाकले. पुष्कळ फेकींच्या द्विपदाला घंटेच्या आकाराचा वक्र जवळजवळ तंतोतंत बसतो, हे त्यांनी दाखवले. त्यातून हाताशी आलेला नियम रोज वापरण्याजोगा आहे. समतोल नाण्याच्या शंभर फेकींत छापे पन्नासच्या आसपास पडतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, पाच असते. दहा हजार फेकींत ते पन्नास असते. फेकी शंभरपट झाल्या, चढउतार दहापटच वाढला.

याच सुमारास लंडनमध्ये एक वाद झाला, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचे मर्म त्या वादात आहे. १७१० साली जॉन आर्बथनॉट यांनी लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या सलग ८२ वर्षांच्या नोंदी घेतल्या. दरवर्षी मुलगे मुलींपेक्षा जास्त होते. मुलगा-मुलगी हे समतोल नाणे असते तर असे घडण्याची संभाव्यता निम्म्याचे निम्मे असे ८२ वेळा केल्यावर उरेल तेवढीच. यामागे ईश्वरी योजना आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याकोब यांचे पुतणे निकोलाउस बेर्नुली यांनी उत्तर दिले, की नाणे समतोल आहे हे तुम्हाला कोणी सांगितले? मुलगे आणि मुली यांचे प्रमाण १८ ला १७ माना, आकडे नीट जुळतात. दोघांची मोजणी बरोबर होती. फरक गृहीतकात होता.

गृहीतक कुठून आणायचे, यावर पुढे पंथ पडले. पियेर-सिमाँ लाप्लास यांच्या अभिजात पंथाचे म्हणणे, की दोन निकालांत भेद करायला कारण नसेल तर त्यांना समान संभाव्यता द्या. रिचर्ड फॉन मीझेस यांच्यासारख्या वारंवारतावाद्यांच्या मते संभाव्यता म्हणजे दीर्घकाळ प्रयोग केल्यावर दिसणारे प्रमाण. एकदाच घडणाऱ्या घटनेबाबत हा शब्द वापरूच नये. थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेला पंथ संभाव्यतेला आपल्या ज्ञानाचे माप मानतो आणि प्रत्येक फेकीनंतर ते माप सुधारून घेतो. १९३३ साली आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी काही मोजकी गृहीततत्त्वे मांडून असा पाया घातला, की त्यावर तिन्ही पंथांचे गणित उभे राहते. अर्थाचा वाद मिटला नाही, पण तो बाजूला ठेवून गणित पुढे नेता येऊ लागले.

या प्रवासात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला बेझ पंथाचे मोठे पुरस्कर्ते हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकले आणि १९५३ साली त्यांनी पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहणीत यादृच्छिक नमुना रुजवला. शेतातला कोणता तुकडा कापून मोजायचा हे अधिकाऱ्याच्या नजरेवर न सोडता चिठ्ठीवर सोडायचे, तरच सरासरीवर विश्वास ठेवता येतो. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तर खरीखुरी नाणी तराजूत घातली. हातोहात फिरताना नाणे झिजते. प्रत्येक नाण्याची झीज वेगवेगळी, पण हजारो नाण्यांची सरासरी वजनघट नियमित. चलनातली नाणी तोलून त्यांनी हे तपासले आणि मग तक्षशिलेच्या आहत नाण्यांच्या वजनांवरून त्यांचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. एकेका नाण्याचे भाकीत करता येत नसताना समूहाचे करता येते, याचे इतके देखणे मराठी उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

नाणे उडवून पाहण्याचीही परंपरा आहे. अठराव्या शतकात ब्युफाँ यांनी ४,०४० फेकींत २,०४८ छापे नोंदवले. कार्ल पिअर्सन यांच्या २४,००० फेकींत १२,०१२ छापे पडले. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेले गणिती जॉन केरिच यांनी दहा हजार फेकी केल्या आणि छापे ५,०६७ पडले. ५,००० पेक्षा ६७ जास्त. प्रमाण विचलन ५० असल्याने यात आश्चर्य काहीच नाही. पुढे पर्सी डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ साली भौतिकशास्त्राच्या आधारे दाखवले, की हाताने उडवून झेललेले नाणे ज्या बाजूने उडवले त्याच बाजूवर पडण्याकडे किंचित झुकते, साधारण ५१ टक्के. युरोपातल्या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक फेकी करून हे तपासले, तेव्हा ५०.८ टक्के हे प्रमाण आले. इतका बारीक कल दहा-वीस हजार फेकींत हाती लागणे अवघड. त्याला लाखो फेकी का लागतात, हेही द्विपदच सांगते.

मी राहतो त्या बेंगळूरुच्या सर्जापूर रोडवर हा विषय पुस्तकाबाहेर पडून कामाला लागलेला दिसतो. १९४५ साली अमळनेरला, म्हणजे पाटणच्याच जळगाव जिल्ह्यात, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे मुख्यालय या रस्त्यावरच्या दोड्डकन्नेल्लीत आहे. पुढे सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. ऋषी व्हॅलीच्या गणित केंद्राच्या साथीने शाळेतल्या गणितासाठी ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ हे नियतकालिक त्यानेच चालवले. आसपासच्या कार्यालयांत जळगाव, कोल्हापूर, नांदेडकडची मुले-मुली ज्या निर्णयांवर काम करतात, त्यांतले पुष्कळसे मुळात नाणेफेकीचेच असतात. अ‍ॅपचे जुने पान हजार जणांना दाखवले, त्यांपैकी ५० जणांनी खरेदी केली. नवे पान दुसऱ्या हजारांना दाखवले, ६० जणांनी केली. विक्री वीस टक्क्यांनी वाढली म्हणून टाळ्या वाजवायच्या का? द्विपदाचा हिशेब सांगतो, की दोन्ही पाने अगदी सारखी असती तरी अशा दोन आकड्यांत दहाच्या आसपास फरक सहज पडतो. अजून माणसे मोजा, एवढेच इथले प्रामाणिक उत्तर. मालाच्या तपासणीतही तेच. शंभरात पाच नग सदोष असलेल्या ढिगातून वीस नग उचलले, तर त्यांत एकही सदोष न निघण्याची संभाव्यता जवळपास ३६ टक्के आहे. नमुना स्वच्छ निघाला म्हणून ढीग स्वच्छ ठरत नाही.

हा हिशेब नागरिकालाही हवा, आणि तो का हवा हे आपल्या राज्याच्याच एका आकड्यावरून दिसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. निसर्गतः हे प्रमाण साधारण ९५० च्या आसपास असते, म्हणजे नाणे मुळातच थोडे कललेले आहे, जसे निकोलाउस बेर्नुली म्हणाले होते. पण त्या वयाची मुले राज्यात सव्वा कोटीहून अधिक होती. एवढ्या फेकींत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार दोन हजारांच्या आतला असतो, आणि मुलींची तूट मात्र दोन लाखांच्या घरात जाते. बालमृत्यूतल्या फरकाला जागा ठेवली तरी ही दरी योगायोगाच्या खात्यावर टाकता येत नाही. कोणीतरी नाण्याला हात लावला आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ साली, महाराष्ट्रानेच केला. त्याची गरज का होती आणि का आहे, हे समजायला शाळेतले द्विपद पुरते. एखाद्या छोट्या गावात वर्षभरात दहा मुलगे आणि सहा मुली जन्मल्या, तर त्यावरून कोणाकडे बोट दाखवता येत नाही, हेही तेच द्विपद सांगते. आरोप करायचा आणि आरोपापासून थांबायचे, या दोन्ही वेळा ज्याला ओळखता येतात त्याला हा विषय आला.

पुस्तकाची रचना याच विचारातून झाली आहे. आधी यादी, मग मोजणी, मग वजन, म्हणजे प्रत्येक क्रमाला द्यायची संभाव्यता, आणि प्रत्येक टप्प्यावर गृहीतकांची झडती. यादृच्छिकतेविषयीच्या जुन्या गैरसमजांना पुरेशी जागा दिली आहे. पाच वेळा काटा पडला, आता छापा यायलाच हवा, या समजुतीने मटक्याचे जुने आकडे मांडून बसलेल्यांचे संसार उद्ध्वस्त झाले. नाण्याला मागचे आठवत नाही, हे समजणे नुसत्या गुणांपुरते नाही. दुसरीकडे, जिथे मागचे आठवते तिथे द्विपद लावू नये, हेही सांगितले आहे. आज पाऊस पडला तर उद्या पडण्याची शक्यता बदलते, म्हणून जुलैतले पावसाचे दिवस नाणेफेकीसारखे मोजता येत नाहीत. एका घरात ताप शिरला की घरातल्या पाच जणांना पाच स्वतंत्र नाणी म्हणता येत नाही. संगणकावर काम करणाऱ्यांनी हे भाग विशेष लक्ष देऊन वाचावेत, कारण यंत्र सूत्रात आकडे घालून देते, सूत्र तिथे लागू आहे की नाही ते मात्र विचारत नाही. सतत बदलणाऱ्या राशी, कलनावर आधारलेल्या सिद्धता आणि बेझ पंथाची प्रगत तंत्रे या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. ज्याला त्रैराशिक आणि दशांश अपूर्णांक येतात, त्याला शेवटच्या पानापर्यंत पोहोचता यावे, अशी मर्यादा मुद्दाम घालून घेतली आहे.

शिक्षकांना एक आग्रहाची विनंती आहे. सूत्र पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नये. वर्गातल्या चाळीस मुलांना प्रत्येकी सहा वेळा नाणे उडवायला सांगावे आणि किती छापे पडले ते विचारावे. नेमके तीन छापे पडलेली मुले निम्म्याहून जास्त निघतील असे बहुतेकांना आधी वाटते. हिशेब बारा-तेराच सांगतो. प्रत्यक्षात नऊ निघाली किंवा सोळा निघाली, तर आकडा दाबून ठेवू नये. तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि इतका फरक पडणे साहजिक आहे का, हे मुलांनाच शोधायला लावावे. ते शोधताना मोजणी, वजन आणि गृहीतक या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाती येतील, आणि सूत्र त्यांचे त्यांनाच लिहिता येईल. असे वर्ग महाराष्ट्रात, सीमाभागात आणि मराठी मुले जिथे जिथे शिकतात तिथे भरावेत, त्यासाठी हे पुस्तक आहे.

सर्जापूर रोड, बेंगळूरु